हातांवर बसलेली माणसं

सहदेव घाडीगावकर कशाकशाला घाबरतात, हे बोरिवली पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते ठाऊक करून देण्याचं पुण्य समोरच्या ब्लॉकमधल्या सपनाचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भिजलाच तर ती त्याचा तिळगूळ करून वाटते.

सहदेव मोबाइल धरायचे तो जिवंत कुर्ली धरल्यासारखा. नांग्या चुकवून, दोन बोटांत. फोन वाजला की आधी बायकोकडे बघायचे, मग देव्हाऱ्याकडे. तोवर समोरचा माणूस कंटाळून गेलेला असायचा. लिफ्ट नवी झाली, तिचं दार आपोआप मिटायला लागलं, तेव्हापासून त्यांना अचानक तब्येतीची काळजी वाटू लागली. "व्यायाम हो, व्यायाम!" असं म्हणत तिसरा मजला चढायचे आणि वर पोचल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून कुत्र्यासारखे धापा टाकायचे.

गंमत पाहा. हाच माणूस उभी हयात विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला होता. लोखंडाच्या तापलेल्या साली अंगावर उडायच्या, आणि हा गडी तोंडात सुपारी धरून उभा. राजेशच्या, म्हणजे सपनाच्या नवऱ्याच्या, घरचा मिक्सर भिंतीपलीकडून ऐकून सांगायचे, "राजेश, बुश गेलंय रे त्याचं. चटणी नको करू आज." आणि बुशच गेलेलं असायचं.

मग बटणांची भीती आली कुठून? ती आली बँकेच्या पैसे काढायच्या यंत्रातून. एकदा कार्ड आत गेलं ते बाहेर येईना. मागे रांग. सहदेवांनी हे दाबलं, ते दाबलं. मागून कुणीतरी "च्यक्" केलं. मग एक पोरगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, घरून कुणाला तरी घेऊन येत जा ना." सहदेव तेव्हा आजोबाही नव्हते. कार्ड थोड्या वेळाने आपसूक बाहेर आलं, पण तो "च्यक्" जो आत गेला तो आतच राहिला. उजेड असलेलं कुठलंही बटण दिसलं की त्यांना आपल्या मानेमागे रांग उभी राहिल्यासारखं वाटायचं आणि तळहात ओले व्हायचे.

यावर त्यांनी उपाय शोधला होता. बटण असलेल्या कुठल्याच गोष्टीला हात लावायचा नाही. आणि तो चाललाही असता. पण पावसाळ्यात बायको आजारी पडली.

अनुपमावहिनींची फुप्फुसं बरीच वर्षं कुरकुरत होती. या वेळी हॉस्पिटलातून त्या घरी आल्या त्या नाकात नळी घेऊन, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. बेडरूमच्या कोपऱ्यात छोट्या फ्रिजएवढं ते धूड उभं राहिलं. पुढे बटण, हिरवा दिवा, पिवळा दिवा, पाण्याची बाटली, काचेच्या नळीत वरखाली होणारी गोळी. बाजूला वीज गेली तर म्हणून लोखंडी सिलिंडर, त्यालाही तशीच बाटली आणि गोळी. मशीन लावायला आलेल्या माणसाने एका दमात सगळं सांगितलं, "सिंपल है अंकल," म्हणाला आणि खाली लावलेल्या स्कूटरच्या काळजीने पळाला. सहदेव "हां हां" करत राहिले. त्यांच्या डोक्यात एक अक्षर शिरलं असेल तर शपथ.

उरलंसुरलं मुलाने केलं. सुयोग म्हणाला, "बाबा, तुम्ही याला हात लावू नका. काही झालं तर मला फोन करा."

म्हणजे बघा, एका भीतीतून सुटायला दुसरी भीती कानाला लावायची.

सुयोग दिवसभर अंधेरीला ऑफिसात. सून रुचिरा त्या काळात घरून काम करत होती म्हणून निभावलं. ती बाटलीत पाणी भरायची, जाळी धुवायची, गोळी दोनच्या रेघेवर आणायची. सहदेव दारात उभे राहून बघायचे. रात्री झोपले तरी कान मशीनकडे. त्याचा तो ढुस्स-फुस्स आवाज जरा बदलला की उठून बसायचे. काय बदललं ते कळायचं नाही, कळेलही कसं, यंत्राची आणि त्यांची ओळखच नव्हती. अंधारात ते बायकोच्या छातीकडे टक लावून बघत राहायचे.

"झोपा हो," ती पुटपुटायची. "मी अजून आसय."

तशात खंडेनवमी आली.

आता कारखान्यातल्या माणसाला खंडेनवमी म्हणजे काय, ते सांगायला नको. त्या दिवशी मशीन धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि वर्षभर बोट तोडू नकोस म्हणून हात जोडायचे. सहदेवांनी हे उभ्या जन्मात चुकवलं नव्हतं. त्या सकाळी रुचिरा अंघोळीला गेली आणि यांच्या डोक्यात उजेड पडला. अरे, या मशीनची आपण पूजाच केली नाही! म्हणून तर ते आपल्याशी परक्यासारखं वागतंय!

मग काय. हिरव्या दिव्याच्या कपाळी हळदकुंकू गेलं. झेंडूची जाडजूड माळ मशीनच्या अंगाभोवती गुंडाळली. आणि शेवटी हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, अगदी गावच्या देवळात घालतात तसं, हेल काढून:

"बा म्हाराजाऽ! तू आज ह्या घराक आधार म्हणान हय उभो आसस! आमच्याकडसून काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि हिचो श्वास आसोच चलतो ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!" खाटेवरून अनुपमावहिनी नळीतूनच म्हणाल्या. गाऱ्हाण्याला कुणीतरी "व्हय" म्हणावंच लागतं, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही. हसूही आलं त्यांना, आणि हसण्याने खोकला.

आणि सहदेवांनी निरांजन पेटवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑक्सिजनजवळ जाळ नको. सहदेवांनी ते ऐकलंही होतं. म्हणून तर सुपारीबरोबरची बिडी सोडली होती आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेत होते. पण जाळ म्हणजे गॅस, जाळ म्हणजे बिडी. निरांजन म्हणजे जाळ थोडाच? निरांजन म्हणजे देव!

ते नळीजवळ तबक ओवाळत होते तेव्हा न्हाणीचं दार उघडलं.

"बाबाऽऽ!"

रुचिरा ओल्या केसांनी धावली. तबक हिसकावून तिने बाहेरच्या खोलीत नेलं आणि वात चिमटीने विझवली. बोट पोळलं ते तिला नंतर कळलं. आणि नेमकं त्याच वेळी मशीनने भोकाड पसरलं. माळेने त्याची हवा आत घ्यायची जाळी झाकली होती, यंत्र आतल्या आत गुदमरलं होतं. पिवळा दिवा, आणि तो आवाज! सहदेवांच्या हाताला लागून होती माळ. ओढली असती तर काम झालं असतं. पण त्यांचे हात उचललेच जाईनात. मानेमागे अख्खी रांग उभी होती आणि सगळे "च्यक्" करत होते. समोर बायको तोंड उघडून हवा ओढत होती आणि हा माणूस खांबासारखा.

माळ रुचिराने तोडली. झेंडू घरभर झाला.

ही बातमी सपनाला कळली, म्हणजे "ए" आणि "बी" दोन्ही विंगना कळली. संध्याकाळी सुयोगच्या कानावर ती लिफ्टमध्येच पडली. तो घरात आला, बूटसुद्धा काढले नाहीत. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई जळाली असती, बाबा."

सहदेव खाटेखाली उरलेले झेंडू वेचू लागले.

दिवाळी झाली की रुचिराला ऑफिसात रोज जावं लागणार होतं. मग ठरलं, आईला मुलुंडला दिशाकडे ठेवायचं. दिशा म्हणजे यांची लेक. तिचं घर मोठं, सासू खमकी, घरात माणसं. "बाबांना एकट्याला तिच्याबरोबर ठेवायचं म्हणजे..." सुयोगने वाक्य अर्धं सोडलं. दिशाने फोनवर बाबांनाही ये म्हटलं, पण लेकीच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे जन्मभराच्या मानाचं लोणचं घालायचं. आणि खरं सांगायचं तर तिथेही ते मशीन असणारच होतं.

अनुपमावहिनींनी एकदाच सांगितलं. "माका खंय व्हरू नकात." मग भिंतीकडे तोंड केलं. बॅग मात्र भरली गेली. खाटेखाली ती येऊन बसली आणि सहदेवांना रोज पायाला लागू लागली.

दोन दिवसांनी दुपारी रुचिराने सासऱ्यांपुढे चहा ठेवला आणि समोर बसली. ऑफिसात नव्या पोरापोरींना कॉम्प्युटरवरचं काम शिकवणं हाच तिचा धंदा. त्यामुळे घाबरलेला माणूस ती लांबून ओळखायची.

"बाबा, हसतील म्हणून घाबरता का हो?"

"आधी हसण्यालाच घाबरायचो," सहदेव बशीकडे बघत म्हणाले. "आता नाही. हसा काय हसायचं ते. ती माझ्या हाताने जाईल गं. माझ्या हाताने."

चहावर साय धरली. मग रुचिरा म्हणाली, "कारखान्यात नवा पोरगा आला की तुम्ही त्याला पहिल्या दिवशी काय शिकवायचात?"

"थांबवायला."

"म्हणजे?"

"मशीन चालवायला कुणीही शिकतो. आधी थांबवायला शिकवायचं. लाल बटण दाब, पुन्हा दाब, डोळे मिटून दाब. हात आपला आपण तिथे गेला पाहिजे. मग मी मुद्दाम काहीतरी बिघडवायचो. पट्टा सैल कर, तेल बंद कर. म्हणायचो, ऐक आता, काय म्हणतंय ते. पोरगा रडकुंडीला यायचा. मी मागे हात बांधून उभा. आपण हात घातला की संपलं, त्याचा हात कायमचा मेला."

एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. सून त्यांच्याकडे बघत होती. मग स्वतःच म्हणाले, "नाही हां, रुचिरा. ते लोखंड होतं. इथे तुझी सासू आहे."

"म्हणून तर डॉक्टरांना विचारून करू. शिकायच्या वेळी आई सिलिंडरवर. मशीन मोकळं. मोकळं मशीन तुम्ही हवं तेवढं बिघडवा."

"आणि फुटलं तर?"

"फुटलं तर तुमच्या मुलाला फोन करू. त्याला तेच हवंय."

खाटेवरून खुसखुस ऐकू आली.

डॉक्टर हो म्हणाले आणि शिकवणी सुरू झाली. रुचिराने दोन कायदे केले. एक, घरात कुणी "सोप्पं आहे" म्हणायचं नाही. सोप्पं म्हटलं की ज्याला येत नाही तो आपसूक मूर्ख ठरतो. दुसरा कायदा तिने स्वतःला लावला. सहदेव मशीनपाशी असले की ती खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायची. स्वतःच्या हातांवर बसायची, म्हणा ना. हात शिवशिवायचे, पण बाहेर काढायची नाही.

पहिल्या दिवशी फक्त बंद करायचं. सहदेवांचं बोट बटणापाशी गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, परत आलं. कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला.

"भियातास कित्याक?" वहिनी म्हणाल्या. "माझी हवा ह्या सिलिंडरातसून येता."

खट्. मशीन बंद. सहदेव लगेच बायकोकडे वळले. ती होती. नाकात हवा, डोळ्यांत मिश्कील हसू. ते मटकन खाटेवरच बसले.

मग हळूहळू बिघडवणं आलं. जाळीवर टॉवेल टाक. नळी पिळून धर. प्लग काढ. प्रत्येक वेळी मशीन किंचाळायचं आणि प्रत्येक वेळी सहदेव दचकायचे. दचकणं काही गेलं नाही, ते आधीच सांगून ठेवतो. पण कान जुना होता, तो कामाला लागला. प्लग काढला की आवाज लांबच लांब, न तुटणारा. जाळी झाकली की तुटक, थांबत थांबत. वहिनींनी नावंही ठेवली. लांब ती बोंब, तुटक ती हाक. "हाक मारता हा तुमका, बघा काय व्हया ता." गाऱ्हाणं घालणाऱ्या माणसाला ते पटलं. आजवर आपणच यंत्रापुढे गाऱ्हाणं घालत होतो, आता ते आपल्यापुढे घालतंय.

आणि एका रविवारी सुयोगने सगळ्यावर पाणी ओतलं. सहदेव सिलिंडरला नळी जोडत होते. चावी फिरवायला वेळ लागत होता. सुयोग दारात होता, त्याला राहवेना. "असं नाही हो बाबा, सरका. द्या इकडे," म्हणत त्याने क्षणात जोडूनही टाकलं. प्रेमानेच केलं. पण सहदेवांनी हात मागे घेतले ते विंचू चावल्यासारखे. दुसऱ्या दिवशी त्यांचं बोट बटणापासून पुन्हा मागे येऊ लागलं. रांग परत मानेमागे, आणि रांगेत या वेळी सुयोग पहिला.

"जमणार नाही मला," ते म्हणाले. "जाऊदे तिला मुलुंडला."

वहिनींनी रात्री सुयोगला खाटेपाशी बोलावलं. एकेक शब्द श्वास घेत घेत त्या म्हणाल्या, "तुका सायकल शिकवताना... ह्येनी सोडलेली ना पाठसून? ...तू पडलंस. ...ह्येंचो जीव गेलेलो. पण सोडली." सुयोग खालमानेने उठला. दुसऱ्या दिवसापासून बिघाड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

दिवाळी झाली. दिशा रविवारी गाडी घेऊन येणार होती. त्याआधी रुचिराला एक दिवस ऑफिसात जाणं भाग पडलं. "दुपारी येते. नाहीतर सपना आहेच समोर," ती म्हणाली. सहदेवांनी मान हलवली. दार लागलं, आणि घरात ते दोघं आणि ते धूड.

सकाळ सरळ गेली. वहिनींचा डोळा लागला होता. रस्त्यावर नव्या टॉवरचं खोदकाम चाललं होतं, त्याची घरघर खिडकीतून येत होती. एकाएकी खाली मोठा "धप्प" झाला, कुणीतरी ओरडलं, आणि पंखा मंदावत मंदावत थांबला.

आणि बोंब उठली. लांब. न तुटणारी.

सहदेव उठले आणि पळाले. हो, पळाले! सिलिंडरकडे नाही, दाराकडे. समोरचं दार बडवलं. "सपना! सपना गं!" सगळ्या सोसायटीची खबर ठेवणारी सपना नेमकी त्या वेळी बी विंगमध्ये खबर पोचवायला गेलेली. दाराला कुलूप. आत येऊन मोबाइल उचलला, सुयोगचं नाव दाबलं, आणि फोनमधली बाई म्हणाली की हा माणूस आवाक्याबाहेर आहे.

वहिनी उठून बसल्या होत्या. ओठ उघडे, मानेच्या शिरा ताठ. नुसत्या बघत होत्या त्यांच्याकडे.

सहदेव सिलिंडरवर तुटून पडले. चावी फिरवली. हवा नाही. जोर लावून फिरवली. हवा नाही! आयुष्यभर नट-बोल्ट फिरवलेला माणूस चावी उलटीकडे आवळत होता आणि त्याला ते कळत नव्हतं, कारण ती बोंब कवटीत शिरून सगळं खात होती. वहिनींच्या बोटांची नखं निळसर दिसायला लागली होती.

आणि मग त्यांचा हात गेला. सहदेव गेले नाहीत, फक्त हात गेला. डावीकडे, खाली, मशीनच्या बटणावर. खट्.

बोंब थांबली.

खोली एवढी शांत झाली की बायकोचा घरघरता श्वास स्पष्ट ऐकू आला. सहदेवांना हातातली चावी दिसली, ती कुठे फिरतेय ते दिसलं. "मेल्या, उलटा," ते स्वतःलाच म्हणाले आणि सुलट फिरवली. फस्स. गोळी उडाली, तिला दोनच्या रेघेवर आणलं. नळी मशीनमधून काढली, इकडे जोडली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. बाटलीत बुडबुडे उठले. मग ते खाटेवर बसले, बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि नखांकडे बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. तो वेळ त्यांना कुणी परत दिला तरी नको. मग हळूच नखांत गुलाबी रंग उतरला.

"सपनाक कित्याक हाका मारी होतास?" पहिला श्वास पुरता आल्यावर वहिनींनी विचारलं. "ती काय करतली, भाषण?"

सहदेव हसले नाहीत. ते रडत होते.

सपना परतली, तिने सगळ्यांना फोन केले आणि तासाभरात घर भरलं. रुचिरा रिक्षातून, सुयोग टॅक्सीतून, सपना आणि राजेश समोरून. वीज संध्याकाळी आली. आता वहिनींना सिलिंडरवरून परत मशीनवर घ्यायचं होतं. सहदेव उठले. दुपारी कुणी बघायला नव्हतं, आता अख्खी खोली बघत होती. खरीखुरी रांग, मानेमागे. तळहात ओले झाले.

सुयोग पुढे झाला. "बाबा, मी—"

"बस," खाटेवरून आवाज आला. "हातांवर."

सुयोग बसला. दोन्ही हात मांडीखाली. ते बघून रुचिरा बसली. राजेशला काही कळलं नाही, पण तोही खाली बसला. सपनाला तर हातांपेक्षा तोंडावर बसायला सांगायला हवं होतं, पण तीही बसली. सगळी माणसं फरशीवर आपापल्या हातांवर बसलेली, आणि मधे एकटे सहदेव.

त्यांनी हात जोडले नाहीत. पण ओठ हलले. "बा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाल्या.

खट्. सुरू होताना मशीन एकदा कर्कश ओरडतं. सहदेव जागच्या जागी उडाले. मागची सगळी उडाली. मग ढुस्स-फुस्स सुरू झालं, हिरवा दिवा लागला, त्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून थोडं राहिलं होतं.

सुयोगने मांडीखालून एक हात सोडवला आणि दिशाला फोन लावला. सहदेव तिकडे बघतही नव्हते. ते वाकून खाटेखालची बॅग ओढत होते, आणि वहिनी त्यांना सांगत होत्या की निळी साडी परत कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, घडी मोडू नका.